समुद्रावरची हद्द कशी वाचायची? आशियातल्या नौदलांचं गणित, बेळगावच्या वाचकांसाठी

बेळगावात फौज म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आठवतं. खानापूर, हुक्केरी, निपाणी आणि हद्दीपलीकडचं चंदगड या पट्ट्यात गल्लीगल्लीत कुणीतरी पलटणीत असतोच. तो सुट्टीवर आला की गप्पा होतात त्या चौकीच्या, बर्फाच्या, गस्तीच्या. जहाजांच्या गप्पा क्वचित. खरं तर सकाळी निघून रामनगर-जोयडावरून अणशी घाट उतरलं की दुपारच्या जेवणाला कारवारात पोचता येतं, आणि तिथं भारतीय नौदल आपल्या सगळ्यात मोठ्या तळांपैकी एक उभारत आहे. तरी समुद्राच्या बातमीला आपल्याकडं वाचक कमी. हंबनटोटा, मलाक्का, लाल समुद्र अशी नावं येतात, वर ‘चीनचा वेढा’ असा मथळा असतो, आणि आपण पान उलटतो.

या मथळ्यांमागं एक पेशा आहे: सागरी सुरक्षेच्या अभ्यासकाचा. दिल्लीतलं नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, सिंगापूरचं राजारत्नम स्कूल, वॉशिंग्टनमधल्या अभ्याससंस्था अशा ठिकाणी ही माणसं काम करतात. काही निवृत्त नौदल अधिकारी असतात, बरेचजण कधीच गणवेशात नसतात. ते दिवसभर करतात काय, आणि त्यांच्या कामातून आपल्याला काय कळतं, ते इथं सांगायचं आहे. लढायांची वर्णनं यात फार नाहीत, कारण त्यांच्या कामातही ती फार नसतात.

सीमाभागातल्या माणसाला हद्द या विषयावर वेगळं शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. या वादात प्रश्न एकच असतो: गाव कुणाचं? ते एकाकडं असलं की दुसऱ्याकडं नसतं. समुद्र समजून घ्यायला बसलं की नेमकी हीच सवय आडवी येते. तिथं वस्ती नाही, उतारा नाही, हद्दीचा दगड रोवायची सोय नाही. म्हणून समुद्रावर हक्क थराथरानं लागतात, आणि एकाच पाण्यावर एकाच वेळी अनेकांचे लागतात.

हे थर ठरवणारा करार संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८२ साली झाला, १९९४ पासून अमलात आला आणि भारतानं १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. तिथं आपला कायदा चालतो, तरी परदेशी जहाज निरुपद्रवीपणे जात असेल तर त्याला अडवता येत नाही. २४ मैलांपर्यंत जकात, तस्करी यांसारख्या बाबतींत कारवाई करता येते. त्यापुढं २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, विशेष आर्थिक क्षेत्र. बेळगावहून पुण्याच्या थोडं पुढं जाऊन थांबावं एवढं ते अंतर. या पट्ट्यात मासे, तेल, वायू, तळातली खनिजं यांवर हक्क किनारी देशाचा, पण जहाज चालवायचा हक्क सगळ्या जगाचा. मासा तुमचा, वाट सगळ्यांची.

वाट सगळ्यांची इथपर्यंत भांडण नाही. पण त्या वाटेवर परक्या युद्धनौकांनी कवायत केली तर? इथं मामला रंगतो. भारत म्हणतो, आमच्या आर्थिक क्षेत्रात लष्करी सराव करायचा तर आधी आमची संमती घ्या. अमेरिका म्हणते, करारात असं कुठं लिहिलंय? ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ ही विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० मैलांवर विनापरवानगी फिरून गेली, आणि अमेरिकी आरमारानं ते स्वतःहून जाहीर केलं. मुद्दाम, आपला हक्क वापरात आहे हे दाखवायला. मैत्री वगैरे सगळी जागच्या जागी असताना. गंमत पुढंच आहे. ज्या कराराच्या नावानं अमेरिका हे करते त्याला तिनं स्वतः अजून मान्यता दिलेली नाही. आणि परक्या लष्करी सरावांच्या बाबतीत भारताची भूमिका चीनच्या भूमिकेच्या बरीच जवळ जाते. टीव्हीवरच्या चर्चेत ही गोष्ट कुणी बोलत नाही, कारण मग ‘आपण’ आणि ‘ते’ अशी सरळ मांडणी होत नाही. अभ्यासकाला मात्र ती पहिल्या पानावर लिहावी लागते.

भांडण कायद्यानं मिटतं का? कधी मिटतं. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यात २५,६०२ चौरस किलोमीटर पाणी वादात होतं. जुलै २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं त्यातलं १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिलं. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. भारतानं तो निकाल मान्य केला, फारशी ओरड न करता. याच टापूत एक बेटही होतं. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर दिसू लागलेलं ते बेट आपण न्यू मूर म्हणायचो, ते दक्षिण तालपट्टी म्हणायचे. दोन्ही देशांनी त्यावर दावा सांगितला. पुढं ते बेटच पाण्याखाली गेलं; २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून तसं सांगितलं. ज्याच्यासाठी भांडायचं तेच बुडालं.

कधी मिटत नाही. दक्षिण चीन समुद्राचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. चीन नकाशावर तुटक रेषा काढून जवळजवळ सगळा समुद्र आपला म्हणतो. फिलिपाइन्स लवादाकडं गेलं आणि १२ जुलै २०१६ ला जिंकलं. त्या रेषेतल्या ऐतिहासिक हक्कांना कराराचा आधार नाही, असं लवादानं म्हटलं. चीननं निकाल मानलाच नाही. तोवर त्यानं २०१३ च्या अखेरीपासून प्रवाळखडकांवर वाळू टाकून बेटं बनवली होती, त्यांवर धावपट्ट्या बांधल्या होत्या. फिलिपाइन्सकडं एवढा पैसा नाही. त्यानं १९९९ मध्ये ‘सिएरा माद्रे’ नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं गंजकं जहाज एका खडकावर मुद्दाम रुतवलं आणि त्यावर मूठभर नौसैनिक बसवले. आजही ते तिथंच आहेत. त्यांना शिधा घेऊन जाणाऱ्या बोटीवर चिनी तटरक्षक दल पाण्याचे फवारे मारतं, मच्छीमार म्हणून नोंदवलेल्या बोटी आडव्या येतात. गोळी कुणी झाडत नाही. युद्धही नाही आणि शांतताही नाही असा हा प्रकार आशियातल्या समुद्राचं आजचं मुख्य लक्षण आहे, असं माझं मत.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ज्युलियन कॉर्बेट या इंग्रज वकिलानं मांडून ठेवली. वकिली सोडून तो आरमाराचा इतिहासकार झाला, आणि बहुधा म्हणूनच मालकी हक्क म्हणजे काय हे त्याला नीट कळत होतं. समुद्र जिंकता येत नाही, कारण तो कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. हातात घेता येते ती फक्त वाहतूक, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधीचा अमेरिकन आल्फ्रेड महान मोठ्या लढाऊ आरमारावर आणि निर्णायक लढाईवर भर देणारा. दोघांचेही चेले आज बीजिंगपासून दिल्लीपर्यंत आहेत. माझा कल कॉर्बेटकडं, आणि त्याला कारण आपल्याच भागाचा इतिहास.

दख्खनेत चांगला घोडा पैदा होत नव्हता. अरबस्तान-इराणकडचे घोडे जहाजातून यायचे, गोव्यासारख्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरकडं, आदिलशाहीकडं जायचे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं तेव्हा त्यांच्या हातात जमीन किती आली? मूठभर. पण घोडे कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे ठरवायची ताकद आली. घाटावरच्या सुलतानाला आणि रायाला दोघांनाही त्यांची मनधरणी करावी लागली. शिवाय त्यांनी ‘कार्ताझ’ ही परवान्याची पद्धत लादली: अरबी समुद्रात व्यापारी जहाज फिरायचं तर आमचा कागद विकत घ्या, नाहीतर जहाज जप्त. दीडदोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी हीच पद्धत उलटी फिरवली. कोकण किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक घ्या, म्हणाले. युरोपी कंपन्यांनी त्यांना चाचे ठरवलं. स्वतः घेतात तो कर आणि दुसऱ्यानं घेतली तर चाचेगिरी, हा हिशेब समुद्रावर जुनाच आहे.

कारवारसमोरच्या अंजदीव बेटाची गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती सोडवत नाही. दीड किलोमीटर लांबीचा तो एक खडक. १४९८ मध्ये वास्को द गामा तिथं थांबला, गोडं पाणी भरून घेतलं. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी तिथं किल्ला बांधायला घेतला. १६६१ च्या तहानं मुंबई इंग्रजांना द्यायचं ठरलं, पण पोर्तुगीज व्हाइसरॉय ताबा देईना, तेव्हा मुंबईसाठी आलेली इंग्रजांची तुकडी याच बेटावर अडकून पडली आणि रोगराईनं त्यातले बहुतेक मेले. त्याच सुमारास, १६६५ मध्ये, शिवाजी महाराज आपल्या आरमारासह मालवणहून बसरूरला गेले आणि परतताना गोकर्ण, अंकोला करत कारवारला आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला निघालेल्या पायदळाची जमवाजमव बेळगावात झाली, हे इथल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. त्याच मोहिमेत नौदलाचे जवान अंजदीववर उतरले आणि सातजण तिथं कामी आले. आज ते बेट बांधानं किनाऱ्याला जोडलेलं आहे आणि नौदलाच्या तळाचा भाग आहे. पाचशे वर्षं वेगवेगळ्या झेंड्यांना हाच खडक का लागतो? कारण खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा आणि मागं घाट. भूगोल बदलत नाही, म्हणून अभ्यासक नकाशापासून सुरुवात करतो, जहाजांपासून नाही.

नकाशावर तो आधी अरुंद जागा शोधतो. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर. २०२३ मध्ये जगात वापरल्या गेलेल्या तेलाचा जवळपास पाचवा हिस्सा तिथून गेला. लाल समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेब, ३० किलोमीटरच्या आसपास. सिंगापूरजवळ मलाक्काची वाट तर एका जागी तीन किलोमीटरहूनही कमी रुंद. चीनचं तेल मोठ्या प्रमाणात याच वाटेनं जातं. २००३ मध्ये चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी ही चिंता बोलून दाखवली, तेव्हापासून तिला ‘मलाक्काचा पेच’ असं नाव पडलं. अंदमान-निकोबार बेटं या वाटेच्या तोंडाशी पसरलेली आहेत. २००१ मध्ये तिथं तिन्ही दलांचा एकत्र कमांड स्थापन झाला तो याच कारणानं.

आता याचा चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याशी काय संबंध? उसाला लागणारं पोटॅश घ्या. भारतात त्याचं उत्पादन नाही, सगळं बाहेरून येतं आणि जहाजानंच येतं. त्यातलं काही जॉर्डनमधून, आणि जॉर्डनचं एकुलतं बंदर अकाबा हे लाल समुद्राच्या टोकाला. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून युरोपला जाणारं कास्टिंग कंटेनरमध्ये बसून त्याच समुद्रातून सुएझला जातं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तिथल्या जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला घेतली. दहा ते चौदा दिवस जादा, इंधन जादा, विमा जादा. भारताच्या परदेशी व्यापारातला वजनानं सुमारे ९५ टक्के आणि किमतीनं ७० टक्के माल समुद्रातून जातो, त्यामुळं हा भुर्दंड कुणा एका कारखान्यापुरता राहत नाही.

हूथींकडं नाव घ्यावं असं नौदल नाही, हे इथं लक्षात घ्या. समुद्रात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, ही वाट मी हवी तेव्हा वापरीन, असं म्हणता येणं. दुसरी, मला वापरता आली नाही तरी चालेल, तुला वापरू देणार नाही. पहिलीला नियंत्रण म्हणतात आणि ती फार महाग. त्यासाठी विमानवाहू नौका, विनाशिका, टेहळणी विमानं, तळ, तेलवाहू जहाजं असं सगळं लटांबर लागतं. दुसरी, अटकाव करणं, स्वस्त. १९७१ मध्ये दोन्ही एकाच महिन्यात दिसल्या. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला. त्या दिवशी आपण नौदल दिन पाळतो. पाचच दिवसांनी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या एका पाणबुडीनं दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वरचढ आरमारालाही एक पाणबुडी काय करू शकते, याचं याहून कडू उदाहरण आपल्याकडं नाही.

अभ्यासकाचा रोजचा दिवस या तत्त्वांपेक्षा बराच रुक्ष असतो. तीनशे टनांवरच्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. ते आपलं नाव, जागा, वेग, दिशा सतत सांगत राहतं. हे संदेश उपग्रहांवरून गोळा होतात आणि इंटरनेटवर कुणालाही बऱ्यापैकी बघता येतात. मूळ हेतू टक्कर टाळण्याचा. पण एखादं जहाज रोज ठरल्या वाटेनं जातं आणि एक दिवस यंत्र बंद करून तीन दिवस गायब होतं, तर का? मच्छीमार म्हणवणारी बोट महिनाभर एकाच खडकाभोवती उभी आहे आणि जाळं टाकल्यासारखी हालचाल नाही, तर ती करते काय? युद्धनौका हे यंत्र बहुधा बंदच ठेवतात, मग रडारवाल्या उपग्रहांची चित्रं लागतात, जी ढगांतून आणि अंधारातही दिसतात. हेच काम सरकारी पातळीवर गुरुग्राममधल्या माहिती केंद्रात चालतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात अनेक मित्रदेशांचे अधिकारी बसतात आणि हिंदी महासागरातल्या व्यापारी जहाजांची माहिती देवघेव करतात. २६/११ ला कसाब आणि इतर दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आले होते, त्यानंतर अशा माहितीची किंमत सगळ्यांना कळली.

बाकी वेळ कागदांत. अर्थसंकल्प, संसदीय समित्यांचे अहवाल, निविदा, भाषणं. चिनी येत असेल तर निम्मी लढाई जिंकली, कारण बीजिंगची २०१५ ची संरक्षण श्वेतपत्रिका नुसत्या इंग्रजी अनुवादात वाचणारे खूप, आणि तिथल्या लष्करी मासिकांतले वाद वाचणारे थोडे. निविदा हा माझा आवडता भाग. सरकार भाषणात काय म्हणतं त्यापेक्षा ते सुटे भाग किती मागवतं, धक्क्याची लांबी किती वाढवतं, यावरून जास्त कळतं.

आकड्यांवर मात्र लगेच विश्वास ठेवायचा नसतो. चीनकडं ३७० च्या वर युद्धनौका आणि पाणबुड्या आहेत असं अमेरिकी संरक्षण खातं म्हणतं, आपल्याकडं १३० च्या वर. मथळा तयार. पण चीनच्या बऱ्याच नौका त्याच्या जवळच्या समुद्रासाठीच आहेत. शिवाय कुठल्याही नौदलात ढोबळमानानं तीनपैकी एक जहाज समुद्रात, एक दुरुस्तीला आणि एक सरावात असतं. दुसरीकडं, मोजणीत न येणारी गोष्ट अधिक गंभीर असते: जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या टनांपैकी निम्म्याहून अधिक चीनमध्ये बांधली जातात आणि भारताचा वाटा एक टक्काही नाही. युद्धात बुडालेलं जहाज कोण लवकर भरून काढेल, हे त्यावरून ठरतं. चीननं २०१२, २०१९ आणि २०२५ मध्ये एकेक विमानवाहू नौका सेवेत आणली. आपल्याकडं दोन आहेत, ‘विक्रमादित्य’ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेली ‘विक्रांत’. आकडे किती फसवे असतात त्याचं निरुपद्रवी उदाहरण हवं तर आपला किनारा बघा. शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर पाठ केला. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटरच्या वर आहे. देश वाढला नाही, मोजणी बारीक झाली.

पाण्याखालचा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण ‘चिनी संशोधन जहाज हिंदी महासागरात’ या बातमीचा अर्थ तिथंच आहे. पाणबुडी डोळ्यांनी दिसत नाही, रडारची लहर पाण्यात लगेच विरते. उरतो तो आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून वेगानं, पण सरळ जात नाही. गरम पाण्यात वेग जास्त, थंड पाण्यात कमी, आणि आवाज कमी वेगाच्या थराकडं वळतो. उन्हाळ्यात अरबी समुद्राचा वरचा थर तापतो, खाली एकदम गारवा लागतो. या सांध्याखाली शिरलेल्या पाणबुडीवर वरच्या जहाजानं शोधासाठी सोडलेला आवाज नीट पोचतच नाही. वाकून दुसरीकडं जातो. पावसाळी वारे वरचं पाणी घुसळतात आणि सगळं गणित बदलतं. भरीस भर म्हणून इराणच्या आखातातलं आणि लाल समुद्रातलं खारट, जड पाणी अरबी समुद्रात खाली उतरून थर करून राहतं. म्हणून जो देश वर्षानुवर्षं, ऋतूनुऋतू तापमान, क्षार आणि तळाची खोली मोजून ठेवतो, त्याच्या पाणबुडीला लपायची जागा ठाऊक असते. तेच आकडे हवामानाच्या आणि मासेमारीच्या अभ्यासालाही लागतात. त्यामुळं जहाज खोटं बोलतंय असं म्हणता येत नाही, आणि निर्धास्तही राहता येत नाही. श्रीलंकेनं यातून मार्ग काढायला जानेवारी २०२४ पासून वर्षभर सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना बंदी घातली. एकट्या चीनचं नाव घ्यायचं टाळलं.

श्रीलंकेवरून हंबनटोटा आलंच. कर्जाच्या ओझ्याखाली २०१७ मध्ये ते बंदर एका चिनी कंपनीच्या ताब्यात ९९ वर्षांच्या भाड्यानं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये उपग्रह आणि क्षेपणास्त्रं टिपणारं ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज तिथं लागलं, तेव्हा दिल्लीत बरीच खळबळ झाली. पाकिस्तानातलं ग्वादर, म्यानमारमधलं क्याउकफ्यू, हंबनटोटा असे ठिपके जोडून ‘मोत्यांची माळ’ भारताच्या गळ्याभोवती आवळली जात आहे, हे चित्र वीस वर्षं फिरतं आहे. मला ते चित्र आळशी वाटतं. बंदर असणं आणि तळ असणं यांत फार अंतर. तिथं दारूगोळा ठेवायची सोय आहे का? विमानविरोधी यंत्रणा आहे का? यजमान देशाशी सैन्य ठेवण्याचा करार आहे का? आणि युद्ध पेटलं की त्या देशाचं सरकार परवानगी देईल का? या कसोटीवर चीनचा खराखुरा, जाहीर परदेशी तळ हिंदी महासागरात एकच उतरतो, जिबूतीमधला, २०१७ चा. तिकडं आग्नेय आशियात कंबोडियाच्या रीम तळावर चिनी पैशानं मोठा धक्का बांधला गेला आहे, त्यावर नजर ठेवणं योग्यच. पण शांततेच्या काळात तेल भरायला आणि जहाजावरच्यांना भाजीपाला द्यायला उपयोगी पडणारं बंदर युद्धात पहिल्या दिवशीच निकामी होऊ शकतं. धोका नाही असं नव्हे. धोका कुठल्या प्रकारचा आहे ते नीट सांगायला हवं. क्षमता मोजता येते. इरादा मोजता येत नाही, आणि तो एका निवडणुकीत बदलतो.

क्षमतेच्या बाबतीत आपल्या बाजूला काय चाललंय ते कारवारला दिसतं. १९७१ च्या अनुभवानंतर मुंबईची गर्दी आणि पाकिस्तानपासूनची जवळीक नौदलाला खटकत होती. १९८६ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केली, मग पैशाअभावी काम रखडलं, आणि २००५ मध्ये ‘आयएनएस कदंब’ सुरू झाला. नाव आपल्याच कदंब राजवटीचं; हलशीला ज्यांची देवळं आहेत ते. इथं जहाज पाण्यातून वर उचलून जमिनीवर सरकवणारी दहा हजार टनांची यंत्रणा आहे, त्यामुळं एकाच वेळी अनेक जहाजं दुरुस्तीला घेता येतात. ‘विक्रमादित्य’चं घर हेच. चालू टप्पा पूर्ण झाला की ३२ मोठ्या नौका आणि पाणबुड्यांची सोय होणार आहे. एप्रिल २०२५ मध्ये इथूनच ‘आयएनएस सुनयना’ हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागाकडं निघाली, तीत नऊ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक भारतीयांसोबत होते. गस्तीला निघालेलं हे जहाज मुत्सद्देगिरीलाही निघालं होतं. याची किंमत मात्र कारवार-अंकोल्याच्या गावांनी मोजली. हजारो कुटुंबं उठली, मच्छीमारांचे किनारे बंद झाले आणि भरपाईचे खटले दशकानुदशकं चालले. सुरक्षेच्या अभ्यासात हे प्रकरण बहुधा तळटीपेत जातं. जायला नको.

नौदल अशा तळांवरून करतं काय, हे विचारलं तर २०२३-२४ चा हिवाळा बघावा. २३ डिसेंबर २०२३ रोजी मंगळूरकडं येणाऱ्या ‘केम प्लूटो’ या तेलवाहू जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० मैलांवर ड्रोन आदळलं. त्यानंतर नौदलानं अरबी समुद्रात युद्धनौकांची संख्या वाढवली. लाल समुद्राकडं सगळ्यांचं लक्ष आहे हे पाहून सोमाली चाचे पुन्हा बाहेर पडले होतेच. त्यांनी पळवलेलं ‘रूएन’ हे जहाज मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’नं भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठलं, हवाई दलाच्या विमानातून कमांडो समुद्रात उतरवले, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. ते खलाशी भारतीय नव्हते. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या लाल समुद्रातल्या आघाडीत भारत सामील झाला नाही, पण शेजारच्या पाण्यात स्वतंत्रपणे सगळ्यांच्या जहाजांना मदत केली. आशियातल्या सागरी राजकारणात भारताची चाल कशी असते हे यातून बऱ्यापैकी कळतं.

या विषयात उतरायचं तर नौदलात असावं लागत नाही, हे भूतरामनहट्टीच्या विद्यापीठात इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्या पोरापोरींसाठी सांगतो. नकाशा वाचता यावा, थोडं संख्याशास्त्र यावं, एक आशियाई भाषा शिकायची तयारी असावी. जहाजांची माहिती फुकट बघता येते, लवादांचे निकाल पूर्ण वाचायला मिळतात, संसदेचे अहवालही. मराठी आणि मोडी येणाऱ्याला आणखी एक दार उघडं आहे. कार्ताझच्या नोंदी आणि मराठ्यांशी झालेला पोर्तुगिजांचा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे, त्यातल्या बऱ्याच कागदांना अजून फार हात लागलेले नाहीत. चोर्ला घाटानं गेलं तर सकाळी उघडायच्या वेळेला पोचता येतं.